विश्लेषण : विमानाचा आवाज गिळणारी छिद्रे इंधनही खातात का? हेल्महोल्ट्झ यांच्या आयुष्यातून उलगडणारे विज्ञान

मुंबईत विलेपार्ले-कुर्ला किंवा पुण्यात लोहगाव परिसरात राहणाऱ्यांना विमानाच्या आवाजाबद्दल वेगळे सांगावे लागत नाही. हा आवाज कमी व्हावा म्हणून जेट इंजिनाच्या कवचाला आतून छिद्रांचे अस्तर लावलेले असते. अस्तरामुळे आवाज कमी होतो. मात्र त्यावरून वाहणारी हवा थोडी अडते आणि त्या अडवणुकीची भरपाई इंधनातून करावी लागते. ही अडवणूक नेमकी किती, हे मोजणे अवघड काम आहे. छिद्रे आवाज का गिळतात, हवा छिद्राच्या कडेवर कशी फाटते आणि इतका लहान फरक कसा मोजायचा, या तिन्ही प्रश्नांचे धागे एकाच माणसाच्या कामापर्यंत जातात. तो माणूस म्हणजे जर्मन वैज्ञानिक हरमान फॉन हेल्महोल्ट्झ. राइट बंधूंचे विमान उडण्याच्या ९ वर्षे आधीच त्यांचे निधन झाले होते.

इंजिनात ही छिद्रे कशासाठी?

प्रवासी विमानाच्या इंजिनासमोर उभे राहिल्यास मोठा पंखा दिसतो. समजा पंख्याला २० पाती आहेत आणि तो मिनिटाला ३००० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ५० फेरे. प्रत्येक फेऱ्यात २० पाती, म्हणजे सेकंदाला १००० वेळा हवेला तडाखा बसतो. त्यातून १००० हर्ट्झचा एक टोकदार सूर तयार होतो. माणसाचा कान ज्या पट्ट्यात चांगला ऐकतो, त्यातच हा सूर येतो.

हा सूर बाहेर पडण्याआधीच दाबण्यासाठी इंजिनाच्या कवचात लायनर म्हणजे ध्वनिशोषक अस्तर बसवतात. त्याचे तीन थर असतात. वर बारीक छिद्रांचा पत्रा, मध्ये मधमाशांच्या पोळ्यासारखे कप्पे आणि मागे बंद पत्रा. छिद्रे साधारण १ मिलिमीटर व्यासाची असतात, तर कप्पे काही सेंटीमीटर खोल.

अडचण अशी, की आवाज कमी करण्याची खरी गरज विमान उडताना आणि उतरताना असते. अस्तर मात्र मधल्या सगळ्या प्रवासात तिथेच असते आणि हवेला अडवत राहते. विमानतळाजवळच्या वस्तीला काही मिनिटांचा दिलासा मिळतो, त्याची किंमत कित्येक तासांच्या उड्डाणात मोजावी लागते. ही किंमत नेमकी ठाऊक नसेल तर इंजिनाची रचना करणारे निर्णय कशाच्या आधारे घेणार?

लष्करी डॉक्टर भौतिकशास्त्रात कसा आला?

हेल्महोल्ट्झ यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी बर्लिनजवळच्या पॉट्सडॅम येथे झाला. वडील तिथल्या शाळेत शिक्षक होते. मुलाला भौतिकशास्त्र शिकायचे होते, पण घरची परिस्थिती बेताची होती. तेव्हा प्रशियाच्या सरकारची एक योजना होती. बर्लिनमध्ये वैद्यकीय शिक्षण सरकारी खर्चाने घ्यायचे आणि त्याबदल्यात ८ वर्षे सैन्यात डॉक्टर म्हणून काम करायचे. १८३८ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी हा मार्ग धरला. प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर हे त्यांचे गुरू. १८४२ मध्ये त्यांनी मज्जातंतूंच्या रचनेवर प्रबंध सादर केला आणि पुढच्या वर्षी ते पॉट्सडॅमच्या घोडदळाच्या तुकडीत डॉक्टर म्हणून रुजू झाले.

छावणीतच त्यांनी छोटी प्रयोगशाळा मांडली. स्नायू काम करतो तेव्हा उष्णता कुठून येते, याचा हिशेब ते मांडत होते. त्यातूनच १८४७ मध्ये, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी, ऊर्जेच्या अक्षय्यतेवरील त्यांचा निबंध आला. ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, हे त्यांनी गणिताच्या भाषेत सर्व शाखांना लागू करून दाखवले. त्या काळच्या आघाडीच्या भौतिकशास्त्रीय नियतकालिकाने हा निबंध नाकारला. अखेर तो पुस्तिका म्हणून छापावा लागला.

ध्वनिशोषक अस्तर समजून घ्यायलाही हाच हिशेब लागतो. अस्तरात शिरलेला आवाज नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. तसेच हवेचा जो वेग अस्तरावर हरवतो, तोही कुठे तरी भोवऱ्यांत आणि उष्णतेत जमा होतो. जमाखर्च जुळलाच पाहिजे.

बेडकाचा पाय आणि वजाबाकीची पद्धत

१८४८ मध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्या शब्दामुळे हेल्महोल्ट्झ यांची लष्करी सेवेतून मुदतीआधी सुटका झाली. पुढच्या वर्षी ते क्योनिग्सबर्ग येथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी ओल्गा फॉन फेल्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

तिथे त्यांनी हाती घेतलेला प्रश्न अनेकांना अशक्य वाटत होता. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो? तो मोजण्यापलीकडचा आहे, असे खुद्द म्युलर यांचे मत होते. हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याला जोडलेला मज्जातंतू घेतला. तंतूला विजेचा झटका दिला की स्नायू आकसतो. पण या वेळेत तंतूतला प्रवास आणि स्नायूला जागे व्हायला लागणारा वेळ, दोन्ही मिसळलेले असतात.

त्यावरची त्यांची युक्ती साधी होती. एकदा स्नायूजवळच्या जागी झटका द्यायचा, एकदा दूरच्या जागी. दोन्ही वेळा स्नायू तोच, उपकरण तेच. दोन वेळांची वजाबाकी केली की समान भाग निघून जातो आणि उरतो तो फक्त तंतूतल्या जादा अंतराचा वेळ. तो सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागणारा होता. शेकडो नोंदी घ्याव्या लागल्या. त्या टिपून ठेवण्याचे काम ओल्गा करत. उत्तर आले सेकंदाला सुमारे २७ मीटर. विजेच्या वेगाशी तुलना करणाऱ्यांसाठी हा आकडा धक्कादायक होता. त्यांच्या वडिलांनाही ते पटायला जड गेले.

मोठ्या गोष्टीत दडलेला लहान फरक काढायचा असेल तर बाकी सगळे सारखे ठेवून दोनदा मोजा आणि वजा करा. लायनरचा रोध मोजणारे आज हेच करतात.

आवाज पकडणारा पोकळ गोळा

क्योनिग्सबर्गमध्येच त्यांनी डोळ्याचा आतला पडदा पाहण्याचे उपकरण, म्हणजे ऑफ्थॅल्मोस्कोप, तयार केले. १८५१ मध्ये ते जाहीर झाले आणि नेत्रतज्ज्ञांमध्ये त्यांचे नाव युरोपभर पोचले. १८५५ मध्ये ते बॉन आणि १८५८ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठात गेले. हा काळ घरी कठीण होता. आजारी ओल्गा यांचे डिसेंबर १८५९ मध्ये निधन झाले. मागे दोन लहान मुले होती. १८६१ मध्ये त्यांनी आना फॉन मोल यांच्याशी विवाह केला.

याच वर्षांत त्यांनी ध्वनीवर सर्वाधिक काम केले. एकच सूर सनईवर आणि व्हायोलिनवर वेगळा का वाटतो? मूळ सुराबरोबर वाजणारे वरचे उपस्वर कमीजास्त असतात म्हणून, असे त्यांचे उत्तर होते. ते सिद्ध करायला उपस्वर एकेक करून ऐकणे भाग होते. त्यासाठी त्यांनी पोकळ गोळे वापरले. एका बाजूला तोंड, दुसऱ्या बाजूला कानात बसणारी निमुळती नळी. प्रत्येक गोळा ठरावीक एकाच सुराला दाद देतो, बाकीचे जवळजवळ ऐकू येत नाहीत. पॅरिसचे कारागीर रुडॉल्फ क्योनिग यांनी अशा गोळ्यांचे संच बनवून विकले. आज त्यांना हेल्महोल्ट्झ अनुनादक किंवा रेझोनेटर म्हणतात.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की घुमणारा आवाज येतो, तो याच तत्त्वावर. बाटलीच्या गळ्यातली हवा वजनासारखी आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी वागते. वजन स्प्रिंगवर ठरावीक गतीने खालीवर होते. त्याच गतीचा आवाज बाहेरून आला की गळ्यातली हवा जोरजोराने आतबाहेर करू लागते. गळा रुंद किंवा आखूड केला तर सूर वर जातो, पोट मोठे केले तर खाली येतो. १८६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या उघड्या नळ्यांवरील लेखात त्यांनी याचे गणित मांडले.

लायनरचा प्रत्येक कप्पा ही अशीच एक छोटी बाटली. पत्र्यातले छिद्र म्हणजे तिचा गळा. पंख्याच्या सुराशी जुळतील अशी छिद्रे आणि खोली निवडली की हवा छिद्रांतून वेगाने ये-जा करते. भिंतीशी घासते, कडेवर भोवरे सोडते आणि आवाजाची ऊर्जा उष्णतेत जाते.

१८६३ मध्ये स्वरसंवेदनांवरील त्यांचा ग्रंथ आला. १८७५ मध्ये अलेक्झांडर एलिस यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले आणि तो ग्रंथ भारतातही वाचला गेला. सी. व्ही. रामन यांच्यावर प्रभाव टाकणाऱ्या तीन पुस्तकांत या ग्रंथाचा समावेश होता. मृदंग, वीणा आणि तंबोऱ्यावरील रामन यांचे संशोधन त्याच वाटेवरचे.

भिंतीला घासणारा प्रवाह मोजताना काय चुकले?

हेल्महोल्ट्झ यांच्या कामाची दुसरी बाजू प्रवाहांची. १८५८ मध्ये त्यांनी भोवऱ्यांच्या गतीचे नियम मांडले. १८६० मध्ये गुस्टाव्ह फॉन पिओट्रोव्स्की यांच्यासोबत त्यांनी द्रवाचे घर्षण मोजले. आतून गुळगुळीत असलेल्या धातूच्या पोकळ गोळ्यात द्रव भरायचा, गोळा टांगून त्याला पीळ द्यायचा आणि त्याचे हेलकावे किती लवकर थांबतात ते पाहायचे. द्रव जितका भिंतीला घासेल तितके हेलकावे लवकर मंदावतील.

मोजणी बारकाईने झाली. निष्कर्ष मात्र असा निघाला, की पाणी धातूच्या भिंतीवरून थोडे घसरते. पुढे तो टिकला नाही. अशा प्रवाहात भिंतीला लागून असलेला थर भिंतीशी स्थिर राहतो, हे आता सर्वमान्य आहे. भिंतीजवळचे घर्षण मोजताना थोडीशी त्रुटीही निष्कर्ष बदलू शकते, हे या प्रसंगातून दिसते. १८६३ मध्ये हवेच्या घर्षणाने नळीतला आवाज कसा बदलतो, यावरही त्यांनी लिहिले.

कडेवर हवा का फाटते?

१८६८ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी आणखी एक महत्त्वाचा लेख लिहिला. तीक्ष्ण कडेवरून जाणारा प्रवाह कड संपल्यावर वळत नाही, तो सुटतो. एका बाजूला वेगवान हवा, दुसऱ्या बाजूला जवळजवळ थांबलेली, आणि मध्ये एक पातळ सीमा. ही सीमा टिकत नाही. ती लाटांसारखी हेलकावते आणि गुंडाळून भोवरे होतात. पुढे लॉर्ड केल्व्हिन यांनीही यावर काम केले, म्हणून या घटनेला दोघांचे नाव आहे.

लायनरच्या प्रत्येक छिद्रावर हेच घडते. वेगवान हवा छिद्राच्या पहिल्या कडेवर सुटते, मधल्या पोकळीवरून हेलकावत जाते आणि पुढच्या कडेवर आदळते. थोडी वेगवान हवा आत शिरते, आतली संथ हवा बाहेर येते. संथ हवेला वेग द्यायचा तर मुख्य प्रवाहाला आपल्यातला वेग द्यावा लागतो. हाच तो जादा रोध, म्हणजे ड्रॅग. शिवाय आवाज मोठा असेल तर छिद्रांतली ये-जा वाढते. म्हणजे ज्या हालचालीने आवाज मरतो, तीच हालचाल रोधातही भर घालू शकते.

हेल्महोल्ट्झ यांच्या निधनानंतर १० वर्षांनी, १९०४ मध्ये, त्यांच्याच जुन्या हायडेलबर्ग शहरातील गणितज्ञांच्या परिषदेत लुडविग प्रांटल यांनी सीमास्तराची कल्पना मांडली. भिंतीलगतच्या पातळ थरातच घर्षणाचा सगळा खेळ चालतो, असे त्यांनी दाखवले. रोधाच्या आधुनिक मोजणीचा पाया तिथे घातला गेला.

छोट्या नमुन्यावरून मोठ्याचा अंदाज कसा?

१८७१ मध्ये हेल्महोल्ट्झ बर्लिन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. डॉक्टरकीच्या वाटेने गेलेला माणूस पन्नाशीत आपल्या मूळ आवडीच्या विषयाकडे परतला. हाइनरिश हर्ट्झ त्यांचे विद्यार्थी. माक्स प्लांक यांनीही त्यांची व्याख्याने ऐकली.

१८७३ मध्ये त्यांनी फुगे हवेत हवे तिकडे वळवता येतील का, या प्रश्नावर लेख लिहिला. त्यांचा मार्ग वेगळाच होता. पाण्यातली जहाजे आणि हवेतले फुगे आकाराने सारखे असतील, तर कोणत्या अटींवर एकाच्या मोजमापावरून दुसऱ्याचे उत्तर काढता येईल, हे त्यांनी गणिताने दाखवले. विंड टनेलमध्ये छोट्या प्रतिकृतीवरून पूर्ण विमानाचा अंदाज घेण्यामागे हीच समरूपतेची कल्पना आहे. लायनरच्या चाचणीत तिचा अर्थ असा : छिद्राचा आकार भिंतीलगतच्या सीमास्तराच्या तुलनेत इंजिनात जेवढा असतो, त्याच्याशी प्रयोगातली स्थिती जुळली पाहिजे. नाहीतर मिळालेला आकडा इंजिनाला लागू पडणार नाही.

अखेरची वर्षे : मोजमापाची संस्था

१८८७ मध्ये बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथे जर्मनीची भौतिक-तांत्रिक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. उद्योगपती वेर्नर फॉन सीमेन्स यांनी त्यासाठी जमीन दिली. हेल्महोल्ट्झ तिचे पहिले अध्यक्ष. मापे अचूक करणे आणि सर्वांनी एकाच मापाने मोजणे, हे संस्थेचे काम. तापलेल्या वस्तूच्या किरणांची तिथे झालेली काटेकोर मोजणी पुढे प्लांक यांच्या क्वांटम कल्पनेला कारणीभूत ठरली.

१८९३ मध्ये ते शिकागोला गेले. परतीच्या प्रवासात जहाजावर पडून ते जखमी झाले. १ जानेवारी १८९४ रोजी लाडके शिष्य हर्ट्झ अवघ्या ३६व्या वर्षी गेले. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला हेल्महोल्ट्झ यांचे निधन झाले.

आज अस्तराचा रोध कसा मोजतात?

पहिली पद्धत थेट वजनाची. लायनरचा तुकडा संवेदनशील काट्यावर तरंगता बसवायचा आणि हवा त्याला किती ढकलते ते पाहायचे. हे किती नाजूक आहे, ते एका ढोबळ गणितातून कळेल. ५ सेंटीमीटर रुंद आणि ४० सेंटीमीटर लांब गुळगुळीत पट्टीवरून सेकंदाला १०० मीटर वेगाने हवा गेली, तर घर्षणाचे बल साधारण ३५ ग्रॅम वजनाइतके असते. छिद्रांमुळे वाढणारा भाग त्याचाही काही अंश, म्हणजे मोजक्या ग्रॅमचा. पट्टीभोवतीच्या फटीत दाब जरा बदलला, तरी तो फरक झाकून जातो.

दुसरी पद्धत दाबाची. लांब पाइपातून पाणी जाताना शेवटच्या नळाला दाब कमी मिळतो, कारण वाटेत घर्षण होते. तसेच चौकोनी नळीच्या एका भिंतीला लायनर लावून हवा सोडतात आणि ठरावीक अंतरांवर भिंतीलगतचा दाब घेतात. दाब जितका जास्त उतरतो, तितका रोध जास्त. अमेरिकेतील नासाच्या लँगली केंद्रात अशा नळीत ध्वनीच्या वेगाच्या ०.३ आणि ०.५ पट वेगाने हवा सोडून, १४० आणि १५० डेसिबलचा आवाज लावून वेगवेगळ्या छिद्रांची तुलना झाली आहे. रोध आणि ध्वनिशोषण अशा दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी कळतात, हा याचा फायदा. पण उरलेल्या तीन भिंतींचे घर्षण आणि प्रवाहाचा बदलता आकार यांचा हिशेब वेगळा काढावा लागतो.

तिसरी पद्धत वेगाची. लायनरच्या आधी आणि नंतर भिंतीजवळ बारीक पिटो नळी, तापलेली तार किंवा लेझरने हवेचा वेग थराथराने मोजतात. वाटेत जेवढा संवेग हरवला, त्यावरून रोध निघतो.

तिन्ही पद्धतींत एक पायरी समान आहे. आधी गुळगुळीत पत्रा, मग त्याच जागी, त्याच वेगाने लायनर. आणि मग वजाबाकी. मूळ दोन आकडे मोठे आणि फरक लहान असल्याने मोजणीतली एक-दोन टक्क्यांची चूकही उत्तर बरेच हलवते. म्हणून एकाच पद्धतीवर न विसंबता दोन पद्धतींची उत्तरे जुळतात का, हे पाहिले जाते.

मग छिद्रे कमी करायची का?

छिद्रे कमी केली तर रोध कमी होईल, पण पंख्याचा सूर वस्तीपर्यंत पोचेल. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने मोठ्या नव्या विमानांसाठी २०१७ पासून आवाजाची मर्यादा अधिक कडक केली आहे. त्याच वेळी नव्या इंजिनांचे पंखे मोठे आणि कवच तुलनेने आखूड होत आहे. म्हणजे अस्तराला जागा कमी आणि काम जास्त. मोठा पंखा सावकाश फिरतो, त्यामुळे सूरही खाली येतो. खालच्या सुरासाठी कप्पे खोल लागतात, पण कवचाची जाडी वाढवायला फारसा वाव नाही.

त्यामुळे संशोधन छिद्रांच्या आकाराकडे वळले आहे. गोल छिद्रांऐवजी अरुंद चिरा, त्या प्रवाहाला आडव्या की समांतर, छिद्रे आणखी बारीक केली तर काय, वर अतिशय बारीक जाळी बसवली तर काय, असे पर्याय तपासले जात आहेत. प्रत्येक पर्यायाला दोन आकडे द्यावे लागतात. आवाज किती कमी झाला आणि रोध किती वाढला. पहिला आकडा मोजण्याची पद्धत जुनी आणि बऱ्यापैकी बसलेली आहे. दुसऱ्यावर अजून मेहनत सुरू आहे. तो खात्रीचा झाला, की वस्तीला शांतता देताना किती इंधन जास्त जाळावे लागते, याचा हिशेब अंदाजाऐवजी मोजमापावर करता येईल.